डिसेंबरात न आलेलं उत्तर

ताई,
मी फोंडा तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी १ नोव्हेंबरच्या मुदतीत, अर्ली ॲक्शनमध्ये, म्हणजे लवकरच्या फेरीत, अर्ज केला होता. आमच्या गावच्या खाजन शेतीतल्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीतल्या) पाण्याची क्षारता मोजण्याचा माझा प्रकल्प होता, त्यावरच निबंध लिहिला होता. डिसेंबरच्या मध्यात पहाटे साडेपाचला निकाल उघडला. होकार नाही, नकारही नाही. ‘डिफर’. मार्चअखेर कळवू म्हणतात. त्याच आठवड्यात माझ्याबरोबर तयारी करणाऱ्या मैत्रिणीला दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन रडले. आता पुस्तक उघडलं तरी डोक्यात काही शिरत नाही. रात्री दोन-तीनदा उठून पोर्टल बघते. बाबा म्हणतात, हा नाद सोड, बोर्ड आणि जेईईकडे बघ. आजीनं देवळात कौल घेतला, तो उजवा झाला, त्यामुळं नात अमेरिकेला जाणार असं तिनं वाडाभर सांगून ठेवलंय. सर म्हणतात, कोसंबी आपल्या गोव्याचेच, तेही हार्वर्डला गेले होते, तू का नाही जाणार? ताई, डिफर म्हणजे सभ्य नकार असतो का? मी त्यांना अजून काय काय पाठवू? आणि मार्चपर्यंत दिवस कसे काढू?
– फोंड्याहून एक वाचक

बाळ,

आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, हा सभ्य नकार नाही. ज्यांना नकार द्यायचं नक्की झालेलं असतं, त्यांना अमेरिकेतली बरीचशी विद्यापीठं डिसेंबरातच तो स्पष्ट देतात, आणि तुलाही देता आला असता. तुझी फाइल त्यांनी बंद केली नाही, रेग्युलर अर्जांच्या गठ्ठ्यात ठेवली आहे. जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत येणाऱ्या अर्जांबरोबर ती पुन्हा वाचली जाईल.

पण हा ‘जवळजवळ होकार’ आहे असंही कुणाला म्हणू देऊ नकोस. डिफर होण्याला किती वजन द्यायचं ते विद्यापीठाप्रमाणं बदलतं. हार्वर्डमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात लवकरच्या फेरीत ९,५५३ अर्ज आले. त्यांतल्या ७२२ जणांना प्रवेश मिळाला आणि बाकीच्यांतल्या बहुतेकांना डिफर केलं गेलं. पुढं मार्चअखेरपर्यंत दोन्ही फेऱ्या धरून ५६,९३७ अर्जांतून १,९४२ जण निवडले गेले. म्हणजे तिथं डिफर होणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, त्यातून फारसं काही कळत नाही. स्टॅनफर्डची रीत उलटी. तिथं डिफर फार थोड्यांना करतात, बाकीच्यांना डिसेंबरातच अखेरचं उत्तर देऊन टाकतात. तू अर्ज केलेलं विद्यापीठ यांपैकी कोणत्या रीतीचं आहे, ते त्यांच्या संकेतस्थळावर एकदा नीट वाच. तेवढं कळलं की पोर्टलवरच्या त्या एका शब्दाचा अर्थ लावत रात्री जागायचं कारण उरत नाही.

आता हे असं करतात तरी का? डिसेंबरात त्यांच्यासमोर अर्ज करणाऱ्यांचा एक छोटा भाग असतो. सगळा गठ्ठा बघितल्याशिवाय त्यांना कळत नाही की भूगर्भशास्त्राकडं किती मुलं वळणार आहेत, कोणत्या देशातून किती येणार आहेत, आर्थिक मदतीचे पैसे कुठवर पुरणार आहेत. काहींचे बारावीच्या वर्षातले गुणही त्यांना बघायचे असतात. यातल्या बऱ्याचशा गोष्टी तुझ्या लायकीशी संबंधितच नाहीत. तू ऑक्टोबरात जेवढी हुशार आणि मेहनती होतीस तेवढीच आजही आहेस. त्या पहाटे फक्त एवढंच झालं की उत्तर तीन-साडेतीन महिने पुढं गेलं. ते पुढं जाणं त्रासाचं आहे, हे मला ठाऊक आहे. उच्च माध्यमिकात इतकी वर्षं शिकवताना मी मुलांना नकार पचवताना पाहिलंय आणि ताटकळताना पाहिलंय, आणि माझ्या मते ताटकळणंच जास्त जड जातं. नकार मिळालेलं मूल दोन दिवस रडतं आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कॉलेजची चौकशी करायला लागतं. ताटकळणाऱ्याला रडायलाही मोकळीक नसते.

म्हणून आता हाताला करण्यासारखं काय आहे ते बघू.

विद्यापीठाला एकच पत्र पाठव. रोज काहीतरी पाठवायचा विचार मनातून काढून टाक. आधी बघ, डिफर झालेल्यांनी काय पाठवावं याबद्दल त्यांनी काही सूचना दिल्या आहेत का. काही ठिकाणी पोर्टलवरच त्यासाठी फॉर्म असतो, काही ठिकाणी ‘काही पाठवू नका’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि तसं असेल तर खरंच काही पाठवायचं नाही. पत्राला मुभा असेल तर ते एका पानाच्या आत बसव आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत पाठव. अजूनही तिथंच यायचंय हे एका वाक्यात लिही. ते तुझं पहिल्या पसंतीचं विद्यापीठ असेल तर तसं म्हण, पण हे वाक्य एकाच विद्यापीठाला लिहायचं असतं, चौघांना नाही. उरलेली जागा १ नोव्हेंबरनंतर जे नवं घडलं त्याला दे.

आणि तुझ्याकडं नवं घडण्यासारखं आहे! खाजनातलं पाणी तू पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजलंस, असं मी धरते. पाऊस सरला की खाडीचं पाणी खारट होत जातं, म्हणजे जानेवारीतलं माप ऑक्टोबरातल्यापेक्षा वेगळंच येणार. एका रविवारी सकाळी भरतीच्या वेळेला मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, आत आणि बाहेर पुन्हा पाणी मोज. जे आकडे येतील ते, तुझा अंदाज चुकला असेल तर तोही, चार वाक्यांत लिही. बांध सांभाळणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलंस तर तो या आकड्यांवर काय म्हणतो, तेही त्यात येऊ दे. ‘आपलं विद्यापीठ माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे’ असल्या परिच्छेदापेक्षा ही चार वाक्यं वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल कितीतरी जास्त सांगतील. जुना निबंध दुसऱ्या शब्दांत लिहू नकोस. ओळखीतल्या कुणाला तिथं फोन करायला लावू नकोस. त्यांनी मागितली नसतील तर आणखी शिफारसपत्रंही नकोत.

दुसरं काम शाळेचं आहे आणि ते हमखास राहून जातं. अर्धवार्षिक गुणांचा अहवाल शाळेकडून जायला हवा. अमेरिकेतल्या शाळांत त्यासाठी काउन्सेलर असतो, आपल्या बहुतेक हायर सेकंडरींत हे काम प्राचार्य किंवा एखाद्या शिक्षकांच्या गळ्यात पडतं. प्रॅक्टिकल सुरू झाली की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा नाताळची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या आठवड्यातच सरांना भेट. कोणते गुण, कोणत्या संकेतस्थळावर, कोणत्या तारखेपर्यंत, हे एका कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. तुला कोसंबींचा दाखला देणारे सर एवढं आनंदानं करतील.

त्या दाखल्याबद्दलही बोलते, कारण तुझ्यावर त्याचं ओझं झालेलं दिसतंय. सांकवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले ते पाली ग्रंथाच्या संपादनाला मदत करायला. त्यांचं शाळेतलं शिक्षण फार थोडं होतं. त्यांचा मुलगा दामोदर, पुढं गणितज्ञ आणि इतिहासकार झालेला, वडिलांबरोबर लहानपणीच तिकडं गेला आणि शाळाही त्यानं तिथंच पुरी केली. १९२४ मध्ये त्याला हार्वर्डचा प्रवेश मिळाला तेव्हा तो लगेच गेला नाही. शिक्षण पुढं ढकलून भारतात परतला, १९२६ मध्ये पुन्हा गेला आणि १९२९ मध्ये पदवी घेतली. फोंड्यातून बारावी करून, ऑनलाइन अर्ज भरून, हजारोंच्या रांगेत उभं राहण्याशी त्या दोघांच्या वाटेचा संबंध नाही. सरांनी मायेनं म्हटलंय, ते मायेपुरतंच घे. त्या दोघांशी तुझी तुलना होऊ शकत नाही आणि तुला ती करायचीही नाही.

बाबांशी मात्र तुला नीट बोलायला हवं. त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. जानेवारीत जेईई मेनचं पहिलं सत्र, फेब्रुवारीत बोर्ड, एप्रिलच्या सुरुवातीला जेईईचं दुसरं सत्र. हे तिन्ही अमेरिकेच्या निकालावर थांबलेले नाहीत. शिवाय अमेरिकेचा होकार आला तरी बारावीचे अंतिम गुण पाठवावेच लागतात, आणि ते फार घसरले तर दिलेला प्रवेश परत घेतला जाऊ शकतो. म्हणजे आज तू रसायनशास्त्राला दिलेला तास दोन्हीकडं उपयोगी पडणार आहे. ‘नाद सोड’ हे मात्र मला पटत नाही. दोन गोष्टी एका वेळी मनात ठेवता येतात. आपल्याकडच्या आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशप्रक्रियेत ‘फ्लोट’ हा पर्याय असतो ना? मिळालेली जागा हातात ठेवायची आणि वरची मिळते का ते पुढच्या फेरीत बघायचं. तसं करणाऱ्या मुलाला कुणी नादी म्हणत नाही.

फक्त हातातली जागा तुला खरंच हवीशी वाटणारी असू दे. ‘अमेरिका नाही झाली तर मग काय, इथंच कुठंतरी’ हे वाक्य मी फार पोरांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यातल्या ‘कुठंतरी’ या शब्दाची मला धास्ती वाटते. फर्मागुडी तुझ्याच तालुक्यात आहे. तिथं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि त्याच आवारात २०१६ पासून आयआयटी भरते. कायमच्या जागेचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला, तरी तिथं वर्ग भरत आले आणि मुलं पदव्या घेऊन बाहेर पडत आली. कुंकळ्ळीला एनआयटी आहे, झुआरीनगरला बिट्स. सुट्टीत एक दिवस काढ, यांतल्या एका ठिकाणी जाऊन ये, तुझ्या विषयात कोण काय शिकवतं, पाण्यावर किंवा मातीवर तिथं काही काम चालतं का, ते विचार. तुझा प्रकल्प गोव्याच्या जमिनीतला आहे, हे विसरू नकोस. त्या प्रश्नावर पुढं काम करायला गोव्याइतकी जवळची जागा बोस्टनला नाही.

बाबांबरोबरच्या बोलण्यात पैशाचा विषय टाळू नकोस. मोठ्या खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातो. परदेशी विद्यार्थ्यानं आर्थिक मदत मागितली की बहुतेक विद्यापीठं निवड करताना ती गोष्ट धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं ती धरत नाहीत. आणि अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर नंतर मागता येत नाही, असा नियमही परदेशी मुलांसाठी अनेक ठिकाणी असतो. तुमचं घर वर्षाला किती देऊ शकतं, कर्ज किती झेपेल, याचा आकडा बाबांनी तुला सांगावा आणि तू तो ऐकावास. मार्चमध्ये होकार आला आणि पैशामुळं घरातच नकार द्यावा लागला, तर ते दुःख डिफरपेक्षा मोठं असेल. ते बोलणं आता झालं तर टळेल.

याच हिशोबात आणखी एक सावधगिरी. डिसेंबरात घाबरलेल्या मुलांना जानेवारीतली ‘अर्ली डिसिजन टू’ ही फेरी मोहात पाडते. ती बांधून घेणारी असते. प्रवेश मिळाला तर जायचंच आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. तुझा अर्ली ॲक्शनचा अर्ज असा बांधणारा नव्हता, तू मोकळी आहेस. केवळ लवकर उत्तर मिळावं म्हणून ही मोकळीक देऊ नकोस. ते कॉलेज मनापासून आवडत असेल आणि पैशाचं गणित बसत असेल, तरच. रेग्युलर फेरीचे तुझे बाकीचे अर्ज भरायचे राहिले असतील तर ते मात्र आजपासूनच भरायला घे, त्यांची मुदत जानेवारीच्या पहिल्या दिवसांतच संपते.

आजीचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात ती आहे. तिचा कौल हा तिचा आणि देवाचा प्रश्न आहे. त्यात आपण पडू नये आणि तिच्याशी वादही घालू नये. तिच्या श्रद्धेत तुझ्यावरची माया आहे. तिच्याजवळ बसून एवढंच सांग: ‘आजी, निकाल मार्चच्या शेवटी आहे, तोवर कुणाला काही सांगू नकोस, लोक विचारतात तेव्हा मला अभ्यास सुचत नाही.’ आजी ऐकेल. नातीला त्रास होतोय हे तिला कुणी सांगितलेलं नसेल. वाड्यावर कुणी विचारलंच तर ‘मार्चमध्ये कळेल’ हे दोन शब्द पुरे. अर्ली, रेग्युलर, डिफर हे सगळं प्रत्येकाला समजावत बसायला तू बांधील नाहीस.

मैत्रिणीच्या बाबतीत तू जे केलंस ते योग्यच केलंस. अभिनंदनही खरं होतं आणि रडूही खरं होतं. तिच्याशी बोलणं तोडू नकोस, पण सध्या विषय बदलायची विनंती तिला करता येते.

रात्रीच्या पोर्टलबद्दल सांगते. मार्चअखेरपर्यंत तिथं निर्णय बदलून दिसणार नाही, आणि एखादा कागद कमी पडला तर त्याची ईमेल येते. तेव्हा आठवड्यातून एक दिवस ठरव, शनिवारी दुपारी म्हण, आणि पोर्टल आणि ईमेल तेव्हाच बघ. रात्री फोन आईच्या खोलीत ठेव. पहिले चार-पाच दिवस हात तिकडं जाईल, मग कमी होईल. पण झोप अशीच तुटत राहिली, जेवणावरची वासना उडाली, किंवा जगण्यात अर्थ नाही असले विचार यायला लागले, तर थांबायचं नाही. आईला त्याच दिवशी सांग, शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांना भेट, नाहीतर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन कर. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि रात्रीही चालतो. आपल्याकडच्या मुलांना प्रवेशाच्या काळात याची गरज पडते, त्यात कमीपणा नाही. २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीच्या गदारोळात वैद्यकीयची लाखो मुलं जूनपासून अधांतरी होती. फेरपरीक्षा होणार की नाही हे त्यांना कळलं तेव्हा २३ जुलै उजाडला होता. त्या दोन महिन्यांत आमच्या ओळखीतल्या घरांत काय चाललं होतं, ते मी पाहिलंय. त्यातली जी मुलं कुणाशी तरी बोलत राहिली, ती त्यातून बरी बाहेर पडली.

आता मार्चअखेरचं. तिथली घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढं जातात, त्यामुळं तिकडं संध्याकाळी सातला लागणारा निकाल आपल्याकडे साडेपाचऐवजी पहाटे साडेचारला दिसेल. होकार, नकार किंवा वेटलिस्ट, तिन्ही शक्य आहेत. वेटलिस्ट आली तर तिची वाट मे-जूनपर्यंत लांबू शकते, आणि १ मेपर्यंत दुसरी एखादी जागा पक्की करावी लागते, हे आधीच माहीत असू दे. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. एप्रिलच्या जेईईचा पेपर त्या पहाटेनंतर काही दिवसांतच असेल. काहीही उत्तर आलं तरी तुझं मन थाऱ्यावर राहणार नाही. विद्यापीठाला उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ असतो, म्हणजे पेपर होईपर्यंत निकाल न उघडता ठेवलास तरी तुझं काहीही बिघडत नाही. तसं करायचं की नाही, ते बाबांबरोबर आताच बसून ठरव. ठरलं, तर पोर्टलचा पासवर्ड मार्चच्या मध्यातच बदलून आईकडं दे.